कमरपट्ट्याच्या वरची रेघ

मी एक पुंगळी बोलतेय. साध्यासुध्या काडतुसाची नाही, मोठ्या रायफलच्या मॅग्नम काडतुसाची पितळी पुंगळी. खात्री पटत नसेल तर माझ्या बुडाशी बघा. तिथे पितळेचाच एक जाड कमरपट्टा आहे. इतर पुंगळ्यांना तो नसतो. जन्मतःच दागिना अंगावर घेऊन आल्यावर कुणीही थोडं मिरवलं तर काय बिघडलं? मी तर आयुष्यभर मिरवलं.

जन्म म्हणाल तर कारखान्यातला. पितळेची एक जाड चकती होते मी. तिला दाबलं, ओढलं, तापवलं, पुन्हा ओढलं, आणि होता होता मला अंग आलं, खांदा आला, बारीक गळा आला. मग बुडात ठिणगी पाडणारी टोपी बसवली, पोटात दारू भरली, गळ्यात गोळी खोवली आणि बहिणींबरोबर मला खोक्यात बसवून मोंटानाला रवाना केलं. डोंगरातल्या एका लाकूडगिरणीच्या गावी मी पोचले. तिथल्या दुकानात मासे पकडायचे गळ, करवतीचं तेल आणि काडतुसं एकाच फळीवर ठेवतात.

तिथून मला हाल्वर नेस्बीनं उचललं. हाल्वर गिरणीत मोठ्या करवतीवर कामाला होता. लाकडाची एक ढलपी उडून त्याचा डावा डोळा तरुणपणीच गेला होता. पण नेम उजव्या डोळ्यानं धरतात, त्यामुळे तो म्हणायचा, "देवानं निदान बाजू बघून नेला." एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या थोरल्या हरणाच्या, शिकारीचा हंगाम उघडला की गावातले अर्धे लोक रानात असत आणि हाल्वर सगळ्यांच्या पुढे. त्यात शौक कमी आणि घराची गरज जास्त होती. एक मोठा एल्क मिळाला की हिवाळाभर मांसाची ददात नसे.

माझी पहिली वेळ मला लख्ख आठवते. लार्चची झाडं पिवळीजर्द झाली होती, वर नुकतंच बर्फ पडलं होतं. हाल्वरनं चाप ओढला आणि माझ्या पोटात जाळ झाला. गोळी गेली, आणि मी फुगून रायफलमधल्या काडतुसाच्या घराला सगळीकडून चिकटले. बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगाला त्या घराचा आकार आला होता. पलीकडे उतारावर भला थोरला नर एल्क पडला होता आणि हा बाबा इकडे गुडघ्यांवर बसून बर्फ चाळत होता.

त्याची बायको बर्निस ओरडली, "अरे, तो एल्क उठून चालायला लागेल! कसलं पितळ शोधतोयस?"

"एल्क कुठे जात नाही. पितळ बर्फात गेलं की गेलं," हाल्वर म्हणाला.

मी सापडले तेव्हा त्यानं मला हातमोज्याच्या आत तळव्यावर धरलं. घरी आल्यावर कानशीनं माझ्या काठावर एक बारीकशी खूण केली. एवढा मोठा नर त्याला पुन्हा कधी मिळाला नाही, म्हणून मी त्याची लाडकी झाले. पुढे तो मला 'म्हातारी' म्हणायला लागला. हाक प्रेमाची होती, म्हणून मी चालवून घेतली.

गॅरेजमध्ये त्याचं कामाचं टेबल होतं. गिरणीतून आणलेल्या मेपलच्या फळ्यांचं, तेल पिऊन काळं झालेलं. त्यावर एक प्रेस घट्ट बसवलेली. वापरलेली पुंगळी पुन्हा भरायची तर आधी तिचं फुगलेलं अंग मापात आणावं लागतं. हाल्वर बोटांवर मेंढीच्या लोकरीतून निघणारं थोडं मेण घेऊन मला चोळायचा, प्रेसच्या पाटावर उभी करायचा आणि दांडा खाली ओढायचा. वर आट्यांवर फिरवून वरखाली करता येणारा पोलादी साचा असे. मी त्यात शिरायचे आणि चहूबाजूंनी आवळली जाऊन सडपातळ होऊन बाहेर यायचे. मग नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. माणसांना म्हातारपण एकदाच येतं, मला दर हंगामाला तारुण्य येई.

साचा किती खाली आणायचा याबद्दल हाल्वरचं मत ठाम होतं. तो पाटाला टेकेपर्यंत फिरवायचा, वर आणखी थोडा पिळायचा आणि त्याला जागेवर धरणारी कडी घट्ट आवळून टाकायची. ती कडी त्यानं लग्नाच्या सुमाराला आवळली होती, त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता.

कुणी बघायला आलं की तो सांगायचा, "कच्चं काम आपल्याला चालत नाही. हिला पट्टा आहे ना? रायफलच्या घरात ही पट्ट्यावर टेकते. खांदा मागे गेला काय नि पुढे गेला काय, काही फरक पडत नाही."

हे ऐकून मी फुलून जायचे. माझ्या कमरपट्ट्याचं एवढं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. दर वेळी साचा माझा खांदा नको तितका मागे रेटायचा आणि दर वेळी बार उडाला की तो पुन्हा पुढे धावायचा. पुढचं अंग घराच्या भिंतीला चिकटून बसे, बूड मागे ढकललं जाई आणि मधल्या मध्ये, कमरपट्ट्याच्या जरा वर, आतून काहीतरी ओढल्यासारखं होई. मी म्हटलं, असेल वयानं.

वर्षं गेली. बर्निस गेली. गिरणी बंद पडली. हाल्वरचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी शिडी बंद केली, लाकडं कापायचं यंत्र बंद केलं, बर्फात गाडी चालवणं बंद केलं. अंगावरचं मांस इतकं उतरलं की पँट राहीना, म्हणून तो पट्टाही लावायचा आणि वरून खांद्यावरचे गॅलिसही चढवायचा. त्याचा शेजारी अल्डन त्यावरून त्याला सोडत नसे.

"पट्टा पण नि गॅलिस पण? हाल्वर, पँटीवर तुझा एवढा अविश्वास?"

"तुझी घसरलेली गावभर बघून झालीय, म्हणून जपतो," हाल्वर म्हणायचा.

सगळं हातचं गेलं, हे टेबल तेवढं राहिलं होतं. सकाळी कॉफी झाली की तो गॅरेजमध्ये येऊन बसायचा. कधी नुसतं फडक्यानं आम्हाला पुसायचा. आम्ही जुन्या बहिणी कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात राहायचो. त्या टेबलापाशी त्याला 'हे करू नको' म्हणणारं कुणी नव्हतं. आणि त्या वर्षी त्याला आणखी एकदा रानात जायचं होतं. मुलगी सिग्ने बरोबर येणार होती. शेवटचं एकदा, असं तो म्हणत नव्हता, पण रायफल नको तितक्या वेळा पुसत होता.

हंगामाआधी नेम तपासायला तो आणि अल्डन गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीवर गेले. मी भरलेल्या काडतुसांच्या डबीत होते, माझी पाळी पुढे होती. आधी माझी एक बहीण गेली. बार झाला, पण आवाज भलताच होता, मध्येच फाटल्यासारखा. रिकामी पुंगळी बाहेर काढायला हाल्वरनं रायफलचा बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, मागे ओढला. बाहेर आलं ते तिचं नुसतं बूड, कमरपट्ट्यासकट. बाकीचं अंग रायफलच्या आतच अडकून राहिलं होतं.

अल्डन जवळ आला. "हाल्वर, तुझ्या चष्म्यावर काजळी आहे."

"स्टोव्हची असेल."

"सकाळपासून काजळी घेऊन फिरतोयस? आणि गालावरची?"

"तीपण स्टोव्हचीच. जुनं होतं पितळ, फुटलं. तू तुझा नेम बघ, गेल्या साली झाडाला लागला होता."

मी डबीत बसून त्या चष्म्याकडे बघत होते. उजव्या काचेवर फाटलेल्या बहिणीतून मागे आलेल्या जाळाचा काळा फराटा होता. त्या काचेमागे त्याचा एकुलता एक डोळा होता. तेव्हा मला कळलं की माझ्या पोटात ओढल्यासारखं होतं ते वय नव्हे. मी पण तिथूनच तुटणार होते. आणि हे मी सांगणार कुणाला नि कसं?

अडकलेला तुकडा हाल्वरनं घरी येऊन काढला, डबीतल्या आम्हा उरलेल्यांच्या गोळ्या ओढून आम्हाला रिकामं केलं. त्याचं म्हणणं, यंदा पुन्हा नीट, आणखी घट्ट मापात आणू आणि मग भरू. मला तर धडकीच भरली.

सिग्ने गावातल्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. तिसऱ्या दिवशी अल्डन तिच्या खुर्चीत होता. हे तिनंच पुढे टेबलापाशी बसून सांगितलं. तोंडात तिची हत्यारं असताना तो काहीतरी 'आँ आँ' करत होता. तिला वाटलं दुखतंय. तोंड मोकळं झाल्यावर त्यानं खाणीवरची सगळी गोष्ट सांगितली.

"तो दुपारी झोपला की डबा बदलून टाक. मी नवी काडतुसं आणून देतो. त्याला कळणार नाही," अल्डन म्हणाला.

"एका डोळ्याच्या माणसाला त्या डोळ्याआडून फसवू? आणि कळलं तर पुन्हा त्या टेबलापाशी बसेल का तो? आधीच सगळ्यांनी मिळून काय काय काढून घेतलंय त्याच्याकडून."

रविवारी ती आली. बरोबर मांसाच्या सॉसेजचा रस्सा होता आणि कोटाच्या खिशात दातांची कीड शोधायची आकडी. लांब बारीक दांडीची, टोकाशी वाकडी. जेवणं झाल्यावर ती गॅरेजमध्ये आली, डबा ओढला आणि एकेकीच्या गळ्यातून आकडी आत घालून भिंत चाचपायला लागली.

"हे काय चाललंय?" हाल्वरनं विचारलं.

"तपासणी. या सगळ्यांना आतून कीड लागलीय, पप्पा. पट्ट्याच्या जरा वर आकडी अडकते. इथे भिंत झिजून खाच पडलीय."

"दात आहेत का ते? तुझं आपलं काहीतरीच. पितळ काय मी आज ओळखतोय?"

"मग खाणीवर काय फुटलं? स्टोव्ह?"

हाल्वर चिडला. त्याचे कान लाल होतात चिडल्यावर. "त्या अल्डनच्या तोंडात दगड भरायचे सोडून तू त्याचं ऐकत बसलीस. सिग्ने, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी या साच्यावर काम करतोय. तुला वाढवलंय याच मांसावर."

"माहितीय," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय. मी डबा फेकणार नाही, तुम्हाला थांबवणारही नाही. तुम्हीच एक निवडा. तुमचा सगळ्यात जास्त विश्वास असलेली. ती उभी कापून बघू. भिंत धड निघाली तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही आणि तुमच्याबरोबर रानात येईन, याच पुंगळ्या घेऊन."

हाल्वरनं डब्यात हात घातला. बोटं एकेकीवरून फिरली आणि कानशीच्या खुणेवर थांबली. त्यानं मला बाहेर काढलं.

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. इतक्या जणींतून त्यानं मला निवडलं होतं. आनंदामागोमाग भीती आली. आणि भीतीमागोमाग वाटलं, बरं झालं. नाहीतर रानात, त्याच्या गालाशी, मीच फुटले असते.

"म्हातारी कापायची?" सिग्नेलाही धक्का बसला. "पप्पा, दुसरी घ्या."

"विश्वासातली म्हणालीस ना? मग हीच."

टेबलाच्या कडेला वाइस, म्हणजे वस्तू आवळून धरणारी लोखंडी पकड, होती. तिच्यात त्यानं मला उभी आवळली आणि लोखंड कापायची करवत घेतली. सिग्नेनं हात पुढे केला, पण त्यानं मान हलवली. करवत थरथरत होती, गळ्यावर दोनदा घसरली, मग बसली. जन्मभर करवतीवर काम केलेला माणूस तो. एकदा दात लागल्यावर हात सरळ चालला. गळा, खांदा, अंग, शेवटी तो जाड कमरपट्टा. माझ्या दोन फाका टेबलावर पडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात उजेड गेला.

हाल्वरनं एक फाक खिडकीपाशी नेली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कमरपट्ट्याच्या वर, आतल्या बाजूला, एक काळसर रेघ होती. तिथे माझी भिंत कागदाएवढी उरली होती. त्यानं अंगठ्याचं नख वरून खाली नेलं. नख अडकलं. पुन्हा नेलं. पुन्हा अडकलं.

सिग्नेनं 'बघा, मी म्हणत होते' म्हटलं असतं, तर मला वाटतं त्यानं दोन्ही फाका बाहेर भिरकावल्या असत्या. ती स्टोव्हमध्ये लाकूड घालत बसली.

हाल्वर फाक टेबलावर ठेवून म्हणाला, "सिग्ने, जरा इकडे धर. ही कडी माझ्यानं सुटायची नाही."

दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा ती कडी कुरकुरत फिरली.

पुढच्या आठवड्यात अल्डननं नवा खोका आणून दिला. हाल्वरनं तो मुकाट्यानं घेतला, त्यावरूनच कळावं. त्यातल्या काही खाणीवर उडवून आणल्या आणि बापलेक टेबलाशी बसले. साचा नेमका कुठे टेकतो ते कळावं म्हणून सिग्नेनं, पुस्तकात वाचलं होतं तसं, मेणबत्तीच्या काजळीनं एका पुंगळीचा खांदा काळा केला. साचा बराच वर घेतला होता. हाल्वर दांडा ओढायचा, पुंगळी बाहेर काढून बघायचा, साचा केसभर खाली फिरवायचा आणि पुन्हा ओढायचा. शेवटी खांद्यावरची काजळी जेमतेम पुसली गेली. ती पुंगळी रायफलमध्ये घालून बोल्ट लावला, तर तो सैल पडला नाही की अडलाही नाही, अंगासरसा मिटला.

"आता ही घरात खांद्यावर टेकली. मागे-पुढे सरकायला जागाच नाही, त्यामुळे ताणही नाही," सिग्ने म्हणाली.

"आणि पट्टा?"

"पट्टा आहे आपला."

हाल्वरनं आपल्या पोटाकडे बघितलं. "म्हणजे माझ्या पँटसारखंच. पट्टा दिसायला, पेलतात गॅलिस." आणि बर्निस गेल्यापासून पहिल्यांदा तो डोळ्यात पाणी येईपर्यंत हसला.

माझ्या कमरपट्ट्याची अशी बेअब्रू झालेली मी टेबलावरून ऐकली. पण त्याला हसताना बघून मला राग धरवला नाही.

हंगाम उघडला त्या सकाळी त्यानं माझी एक फाक शर्टाच्या खिशात टाकली. कशाला, ते सांगितलं नाही. लार्चची सुईसारखी सोनेरी पानं बर्फावर पडली होती. सिग्ने त्याच्या चालीनं चालत होती. उन्हं वर आल्यावर झाडीच्या कडेला एक नर दिसला. हाल्वर एका ओंडक्यावर टेकला, हात स्थिर व्हायची वाट बघितली आणि चाप ओढला. आवाज स्वच्छ होता, अगदी माझ्या पहिल्या बारासारखा. गोळी मात्र वरून गेली. नरानं मान वळवून बघितलं आणि तो झाडीत निघून गेला.

हाल्वर गुडघ्यांवर बसला आणि बर्फ चाळायला लागला.

"पप्पा, तो गेला," सिग्ने म्हणाली.

"जाऊ दे. पितळ बघ."

तीही शेजारी बसली. पुंगळी तिला सापडली. तिनं तिथेच खिशातून आकडी काढली आणि आतून भिंत चाचपली, वरून खाली, सावकाश. हाल्वर तिच्या तोंडाकडे बघत होता, दवाखान्यातल्या रोग्यासारखा.

"कीड नाही," ती म्हणाली.

त्यानं ती पुंगळी हातमोज्यात घातली आणि दोघं उतरणीला लागली. त्या सालचं मांस सिग्नेनं मिळवलं, पण ती गोष्ट तिची आहे, तिनंच सांगावी.

आता मी खिडकीच्या फळीवर असते. दुसरी फाक सिग्नेकडे आहे, दवाखान्यातल्या तिच्या खणात. मला वाटलं होतं की हाल्वर मला लपवेल. आपल्याच हातानं झालेली नासाडी कोण समोर मांडून ठेवतं? आणि खरंच, काही दिवस माझ्यावर फडकं असायचं.

मग परवा अल्डन आला. त्याच्या बगलेत कॉफीचा डबा होता आणि डब्यात त्याच्या स्वतःच्या जुन्या पुंगळ्या खुळखुळत होत्या, माझ्यासारख्याच पट्टेवाल्या. "हाल्वर, तुझ्या प्रेसवर एवढ्या दाबून दे. तू पूर्वी शिकवलंस तसंच करतो मी, पाटाला टेकवून वर आणखी एक पीळ. पण माझी प्रेस आता कुरकुरते."

अल्डनच्या तोंडी एकदा गोष्ट गेली की ती गावभर होणार, हे हाल्वरला पक्कं ठाऊक होतं. तरी तो उठला, फडकं बाजूला केलं आणि मला अल्डनच्या तळव्यावर ठेवलं.

"आतून नख फिरव."

अल्डननं फिरवलं. नख अडकलं. त्यानं वर बघितलं. "ही तुझी म्हातारी ना? कुणी केलं हे?"

"मी केलं," हाल्वर म्हणाला. "आणि तुला शिकवलं तेही मीच. तुझे तर दोन्ही डोळे शाबूत आहेत, ते तसेच राहू देत. ठेव डबा खाली, एकेक बघू."

अल्डननं त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही.

माझं एवढंच मागणं आहे. मला वितळवू नका, फळीवरच राहू द्या. कुणी डबा घेऊन आलं की आधी मला त्याच्या हातात द्या आणि म्हणा, नख फिरव. मी सबंध होते तेव्हा मिरवण्यापलीकडे फार काही केलं नाही. आता अर्धी आहे आणि कुणाच्या तरी उपयोगी पडते.